भावोजी पडले आणि फोन पेणला गेला

आमचे भावोजी डोंगर उतरून आले तेव्हा त्यांची सायकल त्यांच्या आधी पोचली.

रेवदंड्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि घराच्या मागे लगेच डोंगर. मी मागच्या पडवीत चहा पीत बसलो होतो. जाड चाकांची, गियरवाली, खास डोंगरावर चालवायची ती लाल सायकल एकटीच उतरणीवरून आली, आमच्या कारल्याच्या मांडवात शिरली आणि आडवी झाली. (कारली गेली. त्याचं घरात कुणालाच दुःख झालं नाही.) भावोजी मागून येतील म्हणून मी जरा वाट पाहिली. ते आले नाहीत, तेव्हा मला शंका आली. पदवीधर आहे मी.

हे मी सगळ्यांनाच सांगतो, कारण आमच्या घराण्यात कॉलेज पुरं करणारा मी पहिला. माझ्या आधीचे सगळे मिठागरावर, नाहीतर टेम्पोवर. त्यामुळे गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय इथपासून फ्रीज कुठल्या भिंतीला लावायचा इथपर्यंत सगळं मला विचारतात, आणि मीही सांगतो.

वर धावत गेलो, तर भावोजी करवंदीच्या जाळीत उताणे. हेल्मेटला तडा गेलेला, उजव्या हाताने डावा खांदा घट्ट धरलेला.

"भावोजी, लागलं का?"

"छे. सायकल कशी आहे?"

"घरी पोचली."

"गियर बघितलास का?"

एवढ्यात आई, ताई आणि आप्पाकाका धापा टाकत आले. काका म्हणाला, "टेम्पो लावतो खाली. उचला, मागं टाकू, नि अलिबागला नेऊ."

"कुणी हात लावायचा नाही," मी म्हणालो. "मान असेल, पाठ असेल. कॉलेजच्या शिबिरात शिकवलंय आम्हाला. ॲम्ब्युलन्सच पाहिजे." आणि मी एकशे आठ दाबला. फोन लागणार, तेवढ्यात आईने तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आधी पेणला विचार."

पेणला म्हणजे भावोजींच्या वडिलांना. आमच्याकडची ही रीतच आहे. जावई म्हणजे दुसऱ्यांचा माणूस. त्याला परस्पर दवाखान्यात टाकायचा नाही. काकाच्या जावयाचं अपेंडिक्स एकदा घाईघाईत काढलं आणि व्याह्यांना नंतर कळवलं. जावई आठवड्यात बरा झाला. व्याही अजून झालेले नाहीत. दोन गणपती त्यांनी आमच्या घरचा मोदक तोंडात घातला नाही.

"आई, डोक्याला मार लागला असेल तर?"

"मग तेच सांग ना त्यांना. लागलाय का, ते आधी बघ. तू शिकलेला हायेस."

झालं. शिकलेला म्हटलं की मी विरघळतो. मी भावोजींसमोर उकिडवा बसलो आणि शिबिरातल्या डॉक्टरांसारखा आवाज काढला. "भावोजी, तुमच्या लग्नाची तारीख सांगा."

भावोजींनी आकाशाकडे पाहिलं. "मे महिना होता ना?"

"डोक्याला मार!" मी ओरडलो.

"काय न्हाय झाला डोक्याला," ताई म्हणाली. "डिसेंबरात लग्न झालं आमचं. दर वर्षी मेच सांगतात."

मी दुसरा प्रश्न काढला. "सकाळी काय खाल्लंत?"

"सकाळी? काहीच नाही. सकाळी कुणी दिलंच नाही काही."

आईचा चेहरा उतरला. पहाटे उठून तिने जावयासाठी घावणे घातले होते, नारळाचा रस काढला होता, आणि भावोजींनी "बस झालं, बस झालं" म्हणत टोपली रिकामी केली होती.

"घावने इसरला," आई हळूच म्हणाली. मग तिने फोन परत माझ्या हातात दिला. "नंदू, हे काय साधं न्हाय. लाव फोन."

मी एकशे आठ दाबायला लागलो.

"पेणला रे!"

पेणला लावला. वाईट बातमी थेट सांगायची नाही, हीसुद्धा रीतच. आई म्हणाली, "काय व्याही, जेवलात का? आमचं सगळं बरं हाय. म्हस व्याली का तुमची?" म्हैस व्याली होती. रेडा झाला होता. त्याचं सगळं ऐकून घेईपर्यंत भावोजींनी दोनदा विचारलं, की आज रविवार आहे का. शेवटी मी फोन ओढून घेतला आणि सगळं एका दमात सांगितलं.

"ॲम्ब्युलन्स बोलावली का?" व्याह्यांनी विचारलं.

"तुम्हाला विचारल्याबिगर कशी बोलावणार?" आई मागून म्हणाली.

"अहो, मी पेणात बसलोय. मला इथून काय दिसतंय? ठेवा फोन."

"बघ," आई म्हणाली, "रागावले. तरी मी सांगत होते."

मग मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. एकशे आठ लावला, आमचं गाव सांगितलं, पाण्याच्या टाकीची खूण सांगितली. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "डोंगरावरून सायकलवाले पडलेत, तेच ना? गाडी निघालीय. पेणहून एकांनी आत्ताच कळवलं."

म्हणजे आमच्या घरामागे पडलेल्या माणसासाठी गाडी पेणहून बोलावली गेली, आणि पदवीधर त्याच्या उशाशी बसलेला.

गाडी आली. डॉक्टरांनी मानेला पट्टा लावला, हात गळ्यात अडकवला. "खांद्याजवळचं हाड मोडलंय. डोकंही तपासायला हवं. इतका वेळ का थांबलात?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ह्याला विचारा," काका म्हणाला. "शिबिर केलाय त्यानं."

बरोबर एकालाच जाता येणार होतं. ताई निघाली, पण मी तिला बाजूला केलं. तिथे बोलायला कुणी शिकलेलं नको का? गाडी रस्त्याला लागली. डॉक्टरांनी भावोजींच्या कोपरावरची सोललेली कातडी पुसायला घेतली. आत खडी होती. एवढंच मला आठवतंय.

शुद्धीवर आलो तेव्हा मी गाडीच्या तळाशी, बाक आणि स्ट्रेचरच्या मधे पडलेला. डॉक्टर माझे पाय वर धरून बसलेले. वर स्ट्रेचरवर भावोजी आडवे, चांगल्या हातात फोन, स्पीकर चालू.

"आई, नंदूला चक्कर आलीय. डॉक्टर म्हणतायत बाकावर घेऊ. पण म्हटलं, आपली रीत आहे, आधी त्याच्या घरी विचारावं. आणि हो, घावणे आठवले मला."

पलीकडे आईने सुटकेचा केवढा तरी मोठा श्वास सोडला. माझ्यासाठी नव्हे, घावण्यांसाठी. मग म्हणाली, "घ्या त्याला बाकावर. पदवीधर हाय, खाली बरा न्हाय दिसत."