तिरका काठ

सलीमनं रिक्षा शाळेच्या फाटकाशी थांबवली आणि उतरायच्या आधीच सांगितलं, "सर, अब्बा गेले." अशा वेळी माणूस निदान डोळे तरी पुसतो. मी विचारलं, "मग ऑर्डरचं काय?" युनूसभाईंच्या मुलाला मी हे विचारलं… त्या गोष्टीला आता चाळीस दिवस झाले, तरी ते वाक्य माझ्या कानातून जात नाही.

धुळ्यात मी इंग्रजी शिकवतो आणि युनूसभाई हातमागावर सतरंज्या विणत. सूत शेठचं, भाव शेठचा, माल नापसंत करायचा हक्कही शेठचाच. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात, एका ओळखीच्या बाईंमुळे, युरोपातल्या एका लहानशा दुकानाचं पत्र आलं. तिथली गिऱ्हाइकं थोडी जास्त किंमत द्यायला तयार होती. फक्त वस्तू कुणी विणली आणि त्याच्या हातात काय पडलं, हे त्यांना कळायला हवं होतं. मी वाचून दाखवलं तसे युनूसभाई हसले. "मला काय मिळतं ते बायको सोडून कुणी विचारलं नव्हतं, सर." आगाऊ रक्कम आली तेव्हा त्यांनी पहिल्यांदा स्वतःचं सूत घेतलं आणि ते गाठोडं शेठच्या दुकानावरून, मुद्दाम सावकाश चालत, खांद्यावर घरी आणलं.

दुकानाला प्रत्येक सतरंजीबरोबर एक कार्ड हवं होतं. विणकराचं नाव, गाव, चार ओळी. चार ओळींत आटपलं तर मी मास्तर कसला? माप घेताना शेठचं बोट टेपवर कसं सरकतं, इथपर्यंत सगळं लिहिलं. इंग्रजीनं समाधान होईना म्हणून खाली मराठी भाषांतर जोडलं. युरोपात मराठी कोण वाचणार, हा प्रश्न मला पडला नाही. वर छपाईला दिलं ते गल्लीतल्याच छापखान्यात, जिथं शेठची बिलबुकं छापली जात. मराठी वाचक मिळाला तो असा.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी युनूसभाईंना कार्डाचं प्रूफ ऐटीत वाचून दाखवत होतो. तेवढ्यात दारावर लाथ बसली. मी सुताच्या गाठोड्यांमागे उडी मारली. माझा ठेंगणेपणा आयुष्यात तेवढाच उपयोगी पडला. तिघं आत आले. "हाऊच शे का युनूस?" एकानं विळ्यानं मागावरचा ताणा कापला, दोरे तटातट तुटून छताकडे उडाले. दुसऱ्यानं युनूसभाईंना पाडून छातीवर गुडघा रोवला. "कोनता हात शे तुना कामना?" मग तिसऱ्यानं मागावरचा पंजा उचलला. वीण ठोकून घट्ट करायचं ते लोखंडी दात्यांचं जड अवजार. उजवं मनगट लाकडावर धरून त्यानं घाव घातला. पहिल्या घावाला दाते रुतले. दुसऱ्याला रक्ताची चिळकांडी सुतावर उडाली. तिसऱ्याला हाड मोडलं. तो आवाज मी ऐकला.

"लिहिणारा कोन शे?"

"परदेशातूनच लिहून आलं," युनूसभाई म्हणाले. त्या उत्तराबद्दल चौथा घाव बसला. मी चार हातांवर होतो. कागद वाजू नये म्हणून प्रूफ तोंडात कोंबलं होतं.

दवाखान्यात त्यांनी माग अंगावर पडला असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर माझं नाव आलं असतं.

मनगट वाकडंच जुळलं. सहा महिन्यांनी ते पुन्हा विणू लागले. डावा काठ सरळ येई, उजवा पांझरा नदीसारखा वळणं घेई. तरी माल पाठवला. दुकानाचं पत्र आलं: तिरका काठ गिऱ्हाइकांना फार आवडला, ही तुमच्याकडची जुनी पद्धत आहे का? मी लगेच उत्तर लिहिलं, शेकडो वर्षांची आहे. आणि शाबासकी मिळेल म्हणून ते वाचूनही दाखवलं.

"फाडा ते, सर. हात मोडला म्हणून काठ तिरका आहे, असं लिहा."

"ऑर्डर जाईल, युनूसभाई. घर त्यावर चाललंय."

"जाऊ द्या. खोटं सांगूनच विकायचं, तर मग शेठ काय वाईट होता?"

मी खरं लिहिलं. दोन महिने पत्र नाही… सलीमनं त्याच काळात भाड्याची रिक्षा धरली. मग उत्तर आलं. ऑर्डर कायम होती, आणि आणखी दोन विणकर सामील होतील का, असं विचारलं होतं.

परवा त्यांच्या घरी गेलो. मागावर सलीमची बायको नसीम बसली होती. तिला विणायला सासऱ्यांनीच शिकवलं. हल्ल्यानंतर गल्लीतल्या सगळ्यांनी माग आतल्या खोल्यांत नेले; युनूसभाईंनी मात्र आपला उंबऱ्याशी आणला आणि दार सताड उघडं ठेवून विणत राहिले. त्या हिमतीच्या गोष्टी मी वर्षानुवर्षं शाळेत सांगितल्या. धूळ येत होती म्हणून मी दार लोटायला उठलो.

"राहू द्या, सर," नसीम म्हणाली. "कार्डावर माझं नाव लिहिताय ना? मग उघडंच राहू द्या. भीती वाटते का?"

"वाटते."

"अब्बांनाही वाटायची," ती म्हणाली. "म्हणून तर उघडं ठेवायचे. येणारा लांबून दिसतो."