दहा मिनिटं मागची प्रत

दवाखान्यात सगळ्यांनी तिचं नाव स्वेटरताई पाडलं होतं. बाहेर अंगाची लाही होत असली तरी ही बाई तळघरातल्या थंडगार खोलीत स्वेटर घालून डिस्कची कपाटं सांभाळत बसायची. केसपेपर, एक्स-रे, कॅमेऱ्यांचं चित्रण, सगळं तिथंच साठायचं आणि त्याची प्रत दुसऱ्या शहरातल्या कपाटात जायची. लगेच नाही, दर दहा मिनिटांनी एक गठ्ठा.

"टपालासारखं," ती नणंदेला सांगायची. "पोचतं, पण मागाहून. आणि गठ्ठा अर्धवट आला तर तिकडचं यंत्र तो फेकूनच देतं."

त्या दुपारी वरच्या मजल्यावर एक बडा कंत्राटदार दगावला. त्याच्या दोन मुलांनी वॉर्डातल्या ब्रदरला सलाइनच्या लोखंडी स्टँडनं झोडपलं. डोकं फुटून तो कोसळला, तरी हात थांबेनात. स्वेटरताईनं हे पडद्यावर पाहिलं. पोलिसांना फोन लावताना तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं. गठ्ठा नुकताच गेला होता. ही मारहाण जाणार ती पुढच्यात.

तिनं कडी घातली, टेबल दाराशी ओढलं. पाचव्या मिनिटाला दार बिजागरीसकट आत आलं.

"कॅमेऱ्याचं कपाट कुठलं?" थोरल्यानं तिच्या झिंज्या धरल्या.

तिनं कोपऱ्यातलं, मोडीत काढलेलं कपाट दाखवलं. थोरला त्यावर तुटून पडला. पत्रा चेपला, काचा उडाल्या. मग धाकटा म्हणाला, "दादा, ह्यात एकही दिवा पेटलेला नाही. बाई आपल्याला खेळवतेय."

थोरल्यानं तिचा हात चौकटीवर दाबला आणि कपाटाचं दार आदळलं. दोन बोटांची हाडं मोडली. ती गुरासारखी ओरडली, पण बोलली नाही. त्यानं पोटात लाथ घातली, तिनं त्याच्या पोटरीचा लचका तोडला. शेवटी दिवे बघूनच त्यांनी खरी कपाटं फोडली. तोंडातलं रक्त गिळत तिनं घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं झाली होती. पण गठ्ठा पुरता गेला का, कोण जाणे.

पोलीस आले तेव्हा ती शुद्धीवर नव्हती.

संध्याकाळी ती शुद्धीवर आल्यावर नणंदेनं फोन तिच्या कानाला लावला. दुसऱ्या शहरातला ऑपरेटर म्हणाला, "ताई, शेवटचा गठ्ठा पूर्ण उतरलाय."

"ब्रदर कसाय?" तिनं विचारलं. नणंदेनं मान खाली घातली.

दोघांना जन्मठेप झाली. कोर्टात चित्रण लावलं, तेव्हा ब्रदरची बायको तिच्या शेजारी बसली होती, डोळे गच्च मिटून.

"ते ओरडतायत का हो?" तिनं हळूच विचारलं.

"आवाज नसतो त्यात," स्वेटरताई म्हणाली आणि न मिटणाऱ्या बोटांचा हात तिच्या पाठीवर ठेवला.