मिरचीच्या पथारीवरचे डोळे

आज सुनेने फोडणीत लाल मिरची टाकली. मला ठसका लागला आणि नंदुरबारचे दिवस आठवले.

तरुणपणी सुट्टीच्या दिवशी मी कॅमेरा घेऊन नंदुरबारच्या गल्ल्या पालथ्या घालायचो. एकदा भटकत भटकत मिरचीच्या पथारीवर पोहोचलो. मैदानभर लाल मिरच्या वाळत पडल्या होत्या आणि सातपुड्यातून कामाला आलेली एक बाई त्या उलटत होती. तोंडाला फडकं, दिसत होते ते फक्त डोळे. मी कॅमेरा उचलताच तिचा हात फडकं सोडायला गाठीकडे गेला.

"राहू द्या, असाच छान येतो," मी घाईने म्हणालो आणि बटण दाबलं.

"भाऊ, फोटू लई येजो," ती म्हणाली. "घर मन्ही पोर शे, तिले धाडसू."

आठवड्याने तिच्या लेकीला धाडायचा प्रिंट घेऊन गेलो, तर तशीच फडकी बांधलेल्या वीसेक बाया कामावर. मी नाव विचारलंच नव्हतं. तिचा फोटो हातोहात फिरला. शेवटी एकीने फोटोतल्या डोळ्यांवर बोट ठेवून तो परत दिला.

"डोया ते समदासनाच असा शेतस, भाऊ. हाई कोन शे, कसं सांगू? चार जणी ते परवाच गावले गयात."

तो फोटो आता आमच्या बाहेरच्या खोलीत टांगलाय. येणारा प्रत्येक जण त्या डोळ्यांचं कौतुक करतो. मला मात्र कानामागच्या गाठीवर थांबलेली तिची बोटं दिसतात.