काकाच्या इन्व्हर्टरवर चालेल असा लॅपटॉप

उदगीरच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून टेबलफॅन आत सरकवला. घरात तेवढा एकच पंखा होता. मी नको म्हणालो. "तिकडं पत्र्याच्या खोलीत उकडंल. आमाला दारात लिंब आहे की. धर." गाडी हलली आणि मी पंखा मांडीवर घेऊन निघालो.

नोकरीसाठी आलो ते पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत, तिथे सहा जणांत एक खोली मिळाली. मालक तिथल्या जुन्या शेतकरी घरातले, रोखठोक. पंखा पाहून म्हणाले, "एकच पॉइंट हाय, त्याच्यावर बल्ब चालतो. पंखा लावला तर फ्यूज उडंल. न्हाई जमायचं." तो उन्हाळा पंखा खाटेखाली गेला. आमच्यापैकी जे गावी राहिले त्यांना मी हे कधी सांगितलं नाही. जे इकडे आले त्यांना सांगायची गरज नाही.

आता चिंचवडला स्वतःचा फ्लॅट आहे, एकेका खोलीत हवे तेवढे पॉइंट आहेत. चाकणच्या एका कंपनीत मी मेंटेनन्स बघतो. मुलगी मुक्ता इंजिनिअरिंगला आहे. लहानपणी ती सगळी सुट्टी गावी काढायची, माझा धाकटा भाऊ दिलीप आणि त्याची मुलगी सारिका यांच्याकडे. मग घरात डेस्कटॉप आला, त्यावर गेम आले आणि तिचं जाणं बंद झालं. नाना गेले. माझ्यानंतर चिंचवडहून त्या घराकडे कोणी जाणारच नाही, हे मला सलत होतं. तिला तसं बोलून दाखवलं नाही. बोलून कोणी येत नाही.

अशात तिने छोटा गेमिंग लॅपटॉप मागितला. मला वाटलं, झालं, आता ही खोलीतूनसुद्धा बाहेर पडणार नाही. तरी घ्यायचा तर नीट घ्यायचा, म्हणून मी लॅपटॉपच्या माहितीचे तक्ते पाहायला लागलो. आमच्या खात्यात एक सवय आहे: साडेसात एचपीची मोटर पुरत असेल तिथे दहाची बसवायची. लाइन थांबली तर साहेबांचं तोंड कोण बघणार? त्याच हिशोबाने मी पंचेचाळीस वॅटचा प्रोसेसर आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेलं मॉडेल नक्की केलं. मुक्ताला मात्र कमी विजेवर चालणारा, पंधरा ते अठ्ठावीस वॅटचा प्रोसेसर हवा होता. आमची वादावादी ऐकून बायको म्हणाली, "गेम खेळायचाय की गिरणी चालवायचीय?"

पिंपरीच्या दुकानात मुक्ताने दुकानदाराला मी निवडलेल्या लॅपटॉपवर एक जड गेम लावायला सांगितला. थोड्याच वेळात फॅन कोकलायला लागला, कीबोर्डची वरची पट्टी हात लावू देईना आणि गेम अडखळू लागला.

"पप्पा, तुमची दहा एचपीची मोटर एवढ्याशा डब्यात कोंबली तर?"

"गरम होऊन ट्रिप होईल, बंदच पडेल."

"हा ट्रिप होत नाही, गुपचूप वेग कमी करतो. पैसे मोठ्याचे, काम लहानाचं."

दुकानदार हसला. "ताई बरोबर बोलतायत, पण गिऱ्हाईक मोठाच मागतं, काय करणार राव!"

मी म्हणालो, मग जाड बॉडीचा घेऊ, त्यात गरम हवेला वाट मिळेल. तर मुक्ता म्हणाली, "नको. त्याचा चार्जर दोनशे वॅटचा असतो. मला पासष्टचाच पाहिजे." का, ते सांगेना. फॅक्टरीत वीस माणसांना कामाला लावणारा मी, पण पोरीचं ऐकून तिला हवा तो कमी वॅटचा छोटा घेतला.

संध्याकाळी दिलीपचा फोन आला. "दादा, तुझी पोरगी लाइनमनच निघाली की! आठवडाभर माझ्या मागं लागली होती. काका, पंखा किती वॅटचा, बल्ब किती, टीव्ही किती. स्टुलावर चढून पंख्यावरची वॅटची पाटी वाचायला लावली मला. लाइट गेल्यावर तुमचा इन्व्हर्टर किती वेळ चालतो म्हणे."

मी मनात आकडे मांडले. दिलीपचे पंखे, दिवे आणि टीव्ही मिळून दोनशे वॅटच्या आसपास. मी म्हणत होतो तो जाड लॅपटॉप एकटाच तेवढी वीज ओढणार होता. इन्व्हर्टरची चार तास टिकणारी बॅटरी दोनातच बसली असती. एवढा हिशोब माझ्या पोरीने आधीच केला होता आणि मी तिला मनात घरकोंबडी म्हणत होतो.

या मे महिन्यात आम्ही गावी गेलो. दुपारी लाइट गेली. मुक्ता आणि सारिका एकाच लॅपटॉपवर खेळत होत्या. एकीच्या हातात कीबोर्ड, दुसरीच्या हातात माउस आणि दोघींचं तोंड सुरू. दिलीप सवयीने पंखा बंद करायला उठला.

"राहू द्या काका," मुक्ता मान वर न करता म्हणाली. "पुरतंय."

मी पंखा घेऊन गावाहून निघालो तेव्हा घर म्हणजे मागे सुटलेली जागा होती. नंतर घर म्हणजे फ्लॅटचा हप्ता होता. आता वाटतं, जिथली वीज, पाणी, माणसं किती हे आपल्याला पाठ असतं आणि सामान घेताना आपण त्याच बेताने घेतो, ते घर. मुक्ताचं असं एक घर उदगीरजवळ आहे. ते तिने मला न विचारता निवडलं.