घोषणा ऐकणारा कुत्रा

आमचा हरवलेला कुत्रा धसईच्या भातगिरणीच्या दारात बांधलेला सापडला. घरी आई रोज त्याच्या वाटणीची भाकरी वेगळी काढून ठेवत होती. माझ्या मते ही सरळसरळ बळकावणी होती, म्हणून मी बाबांना घेऊन गेलो. बाबा गावोगाव पत्रकं वाटायचे, मोर्चात घोषणा द्यायचे. घोषणांचा सराव आमच्या ओट्यावर चाले आणि कुत्रा समोर बसून ऐके.

गिरणीवाला म्हणाला, "त्याच्यावर काय तुमचं नाव लिवलंय? मी खाऊ घालतो त्याला. कुत्रा देत नाय."

'देत नाय' ऐकलं आणि सवयीने बाबांची मूठ वर गेली. "कोण म्हणतो देत नाय?"

'घेतल्याशिवाय राहत नाय' हे मी म्हणायच्या आतच कुत्रा साखळी ताणून भुंकला, घरी दर वेळी भुंकायचा तसाच. आत पोती उचलणारे हमाल हसले. आठवड्याची सुट्टी ते कधीपासून मागत होते. त्यातल्या एकाने गमतीने तीच घोषणा दिली, तर कुत्रा पुन्हा भुंकला. मग दुसऱ्याने दिली, जरा मोठ्याने, आणि या वेळी कोणी हसलं नाही.

गिरणीवाल्याने घाईघाईने साखळी सोडली.

"न्या तुमचा कुत्रा," तो म्हणाला. "माझी मानसं बिघडवंल."