अण्णांनी घेतलेला चहा

उमेदवार कोण, हे ठरवायला काल आमच्या तालुक्यातले पक्षाचे सभासद कार्यालयात जमले होते. इच्छुकांत अण्णाही होते. अण्णा म्हणजे कर्मठ माणूस, परजातीच्या घरी पाण्याचा थेंबही न घेणारा. पक्षाच्या कामासाठी ते माझ्या घरी वीस वर्षं येताहेत. दर वेळी बायको चहा पुढे करते आणि दर वेळी ते हात जोडतात, "आज उपास आहे, वहिनी." उपासाला चहा चालतो, हे दोघांनाही ठाऊक असतं.

काल मात्र त्यांनी माझ्याच हातून कप घेतला आणि सगळ्यांदेखत संपवला. कुणीतरी टाळी वाजवली. "अण्णा बदलले हो!" सभासदांतले एक मास्तर उठून म्हणाले.

एवढ्या कर्मठ माणसाला आपले सभासद मतं देतील का, यावर महिनाभर खल चालला होता. उगाचच. असा माणूस बोटभर वाकला, की आम्ही पायघड्या घालतो. रोज आमच्या पंगतीला बसणाऱ्यांसाठी कधी कुणी टाळी वाजवल्याचं आठवत नाही.

खिडकीतून मागचा नळ दिसतो. तिथे अण्णा चूळ भरत होते. एकदा, दोनदा, तीनदा.

आत अध्यक्षांनी विचारलं, "अण्णांच्या बाजूने कोण?" भराभर हात वर झाले. माझाही झाला.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "खरंच घेतला त्यांनी तुमच्या हातचा चहा?"

"घेतला," मी म्हणालो. नळाचं सांगितलं नाही.