हंगेरियन गाण्यात मी कुठे येतो

आमच्या शनिवारच्या बैठकीचे किस्से कुणी मुद्दाम साठवलेले नाहीत. स्पीकरच्या मागे वायरींचा गुंता जसा आपोआप होतो, तसे ते होत गेले. एक ओढावा तर तीन बाहेर येतात, आणि बहुतेकांच्या टोकाला मीच लटकलेला असतो. म्हणून म्हटलं, आपणच सांगावेत. दुसऱ्या कुणी सांगितले की बदनामी जास्त होते.

आधी मंडळी. बेंगळुरात हेब्बाळला बसवराज पाटील राहतो. मूळचा निपाणीकडचा, नोकरी बँकेत, आमच्यासाठी बसू. त्याच्या हॉलमध्ये सोफा छोटा आणि स्पीकर मोठे आहेत. दुसरा निखिल, मुंबईचा, माझ्याच ऑफिसात. कॉलेजात ड्रम वाजवायचा. आता टेबल, गुडघे आणि शेजारी बसलेल्याची पाठ वाजवतो. तिसरा मी, सुहास, पुण्याचा. मला काहीच वाजवता येत नाही, म्हणून मी गातो.

आम्ही ऐकतो प्रोग्रेसिव्ह रॉक. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी एवढंच समजावं, की एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं असतं, ताल अंगवळणी पडला की लगेच बदलतो, आणि गायक लग्नातल्या व्याह्यांच्या साहेबासारखा उशिरा येऊन लवकर जातो. त्यातही आमच्याकडे इंग्रजी चालत नाही. इटालियन, स्वीडिश, जपानी, हंगेरियन, काहीही चालेल. "इंग्रजी कळतंय बघ, मग गाण्याकडं लक्ष ऱ्हात न्हाई," हे बसूचं तत्त्वज्ञान.

आणि दुसरा नियम पहिल्यापेक्षा कडक. अर्थ शोधायचा नाही. फोनवर भाषांतर बघताना जो सापडेल, त्याने पुढच्या शनिवारी सगळ्यांसाठी भजी तळायची.

*

हा नियम मोडला मीच.

माझं एक लाडकं इटालियन गाणं होतं. त्यातला गायक शेवटी असा काही गदगदतो की माझी खात्रीच होती, हा युद्धावर निघालेला मुलगा आहे आणि दारात आई उभी आहे. आईबाबांना पुण्याच्या विमानात बसवून परत येताना मी टॅक्सीत ते ऐकायचो आणि व्यवस्थित रडायचो. ड्रायव्हर दर वेळी एसी कमी करायचा. त्याला वाटायचं, सर्दी झालीय.

मग आमच्या महादेवपुऱ्याच्या ऑफिसात एक इटालियन पाहुणा आला. नियम भाषांतर बघण्याविरुद्ध आहे, माणसाविरुद्ध नाही, अशी पळवाट काढून मी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या कानाला हेडफोन लावले. तो बिचारा संपेपर्यंत ऐकत राहिला. सांबार गार झालं.

"सुंदर," तो म्हणाला. "एक गोगलगाय भिंत चढतेय."

मी विचारलं, "आणि शेवटी? तो इतका रडतो ते?"

"शेवटी ती घसरते."

भजी मी तळली. निखिलने हसताना खुर्ची मोडली. पण खरं सांगतो, पुढच्या खेपेला विमानतळावरून येताना तेच गाणं लागलं आणि मी पुन्हा त्याच जागी रडलो. आता गोगलगायीसाठी.

*

आमच्या घरी, म्हणजे माझी बायको अनघा हिच्या राज्यात, या संगीताला मान आहे. फक्त तो स्वयंपाकघरात आहे.

लग्न ठरायच्या वेळी इंदिरानगरच्या एका कॅफेत मी तिला माझ्या आवडीचं स्वीडिश गाणं ऐकवलं होतं. एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या. तिने कॉफी संपवली, माझा केक संपवला, खिडकीतून रहदारी पाहिली आणि शेवटी हळूच विचारलं, "गाणं कधी सुरू होणार आहे?" तेव्हा ते संपत आलं होतं. तरीही तिने मला होकार दिला, हे तिच्या सोशिकपणाचं लक्षण.

आता ती म्हणते, "राजमा चढवलाय, तुझं ते स्वीडिश लाव." गाणं संपलं की गॅस बंद. बासमतीला जपानी पुरतं. परिणाम असा झालाय, की बसूकडे तेच स्वीडिश गाणं लागलं आणि मधल्या बासरीच्या तुकड्यात कुकरची शिट्टी झाली नाही, की मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. एकदा मी ती तोंडाने वाजवली. बसूने गाणं बंद करून माझ्याकडे नुसतं पाहिलं.

*

बसूच्या खालच्या मजल्यावर शिंदेअण्णा आणि त्यांची बायको अक्का राहतात. पिढ्यान् पिढ्या बेंगळुरात असलेलं मराठी कुटुंब. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोघांचा सांधा कुठे आहे ते त्यांनाही ठाऊक नाही. अण्णा कारखान्यातून रिटायर झालेले. आवाज मशीनवर मात करायला घडवलेला. आमची बैठक सुरू झाली की ते काठीने छत ठोकायचे. छत म्हणजे आमची जमीन.

निखिलचं म्हणणं, अण्णा तालात ठोकतात. सात मात्रांचा तुकडा आला की खालून सातच ठोके यायचे, असं तो शपथेवर सांगायचा. आम्ही त्याला हसायचो.

एका शनिवारी मात्र अण्णा स्वतःच वर आले. हंगेरियन गाणं चालू होतं आणि मी डोळे मिटून गात होतो. डोळे उघडले तर समोर काठी.

"कन्नड बरत्ता?" येतं का, असं अण्णांनी विचारलं.

"स्वल्प स्वल्प," मी म्हणालो. तेवढंच येतं.

"इतकी वर्षं इथं ऱ्हाऊन कन्नड स्वल्प. आणि ही कुठली भाषा एवढी जोरात येते तुम्हाला?"

"हंगेरियन," मी अदबीने सांगितलं.

बसू प्रामाणिक माणूस. म्हणाला, "अण्णा, ती पण येत न्हाई त्याला."

अण्णांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग ओरडता कुणाला?"



*

त्या हंगेरियन गाण्याबद्दल नीट सांगायला हवं, कारण माझी सगळी बेअब्रू त्याच्यात आहे.

गाणं भरात असताना मध्येच सगळी वाद्यं एकदम थांबतात. पूर्ण शांतता. ती इतकी लांबते की नवख्या माणसाला वाटतं वीज गेली. आणि मग गायक एकटा, वाद्यांशिवाय, एक लांब हाक घालून परत येतो. ती हाक ऐकताना अंगावर काटा येतो. म्हणजे बाकीच्यांच्या. कारण मी दर वेळी तिच्याआधी येतो. मला ती शांतता सोसत नाही. आत काहीतरी भरून येतं, आणि गायक अजून श्वास घेत असतो तेव्हाच मी हाक घालून मोकळा होतो.

निखिलने सगळे उपाय केले. बोटांवर मात्रा मोजून दाखवल्या. सिल्क बोर्डच्या चौकातल्या पोलिसासारखा हात आडवा धरून बघितला. एकदा माझ्या तोंडात भजं कोंबलं. मी भज्यासकट आधी आलो.

"सुहास, तू बेंगळुरात राहतोस," तो वैतागून म्हणाला. "थांबायची सवय तरी असायला हवी होती."

*

तरीसुद्धा हे गाणं लोकांसमोर करायचं, असं आमच्या डोक्यात आलं. विनाशकाले दुसरं काय सुचणार? बसूच्या सोसायटीत नोव्हेंबरात कन्नड राज्योत्सवाचा कार्यक्रम होता. सेक्रेटरीने विचारलं, "कन्नडात आहे का गाणं?"

"कन्नडात न्हाई," बसू म्हणाला, "पण हिंदीत पण न्हाई."

"हिंदीत नाही ना? सरी," म्हणजे चालेल, म्हणून त्याने नाव लिहून घेतलं.

बसू कीबोर्डवर, निखिल भाड्याच्या ड्रमवर, मी माइकसमोर. निवेदिकेला तीनदा बजावून ठेवलं होतं, की मध्ये शांतता येईल, तेव्हा स्टेजवर यायचं नाही. शांतता आली. लोकांनी सुटकेच्या आनंदाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या ऐकून निवेदिका आली, पुष्पगुच्छ घेऊन पाहुणेबाई आल्या, आणि त्यांच्यामागून फॅन्सी ड्रेसची पोरं आली. पाहुणेबाईंनी गुच्छ माझ्या हातात ठेवला आणि नेमक्या त्याच क्षणी मी, नेहमीप्रमाणे आधी, माइकमध्ये हाक घातली.

पाहुणेबाई पडल्या नाहीत, निवेदिकेने त्यांना धरलं. एक लहानगी भाजीपाला झालेली होती, तिने भोकाड पसरलं. उरलेलं अर्धं गाणं आजतागायत व्हायचंय.

पहिल्या रांगेत शिंदेअण्णा होते. खाली उतरलो तसे म्हणाले, "अर्धं झालं तेवढं पुरे. उरलेलं पुढच्या वर्षी नको." पण ते हसत होते. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

*

पुढच्या उन्हाळ्यात अण्णांना झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली.

हॉस्पिटलातून घरी आणल्यावर आम्ही भेटायला गेलो. अण्णा खिडकीशी खुर्चीत होते, काठी डाव्या हातात. समजत सगळं होतं. डोळे आमच्यावर फिरत होते. पण तोंडातून एक शब्द नाही. डॉक्टर म्हणाले होते, येईल किंवा येणार नाही. ओळखीचं काहीतरी ऐकवत राहा. अक्का सकाळी भजनं लावायच्या, दुपारी जुनी कन्नड सिनेमागीतं. अण्णा तोंड फिरवायचे. "निदान मला हाक मारली तरी बास," अक्का म्हणाल्या. 

त्यानंतर बसूकडे आवाज बंद. शनिवारी जमायचो, पण स्पीकरवर कापड टाकलेलं आणि गाणं फोनवर, डासाएवढ्या आवाजात. मी गाणं तर सोडाच, घसा खाकरायचोही बाल्कनीत जाऊन. वाईट वाटत होतं. इतके दिवस ज्या माणसाला छळलं, त्याला आता छत ठोकताही येत नव्हतं.

आणि एका शनिवारी दुपारी अक्का वर आल्या. आम्ही तिघे शाळेतल्यासारखे उभे राहिलो. कापड टाकूनही खाली ऐकू जातंय की काय?

"का हो, गाणी का बंद केलीत?" त्यांनी विचारलं. "शनिवार आला की हे छताकडं बघत बसतात. चहा पण घेत नाहीत. स्वल्प मोठ्यानं लावा की."

बसूने स्पीकरवरचं कापड ओढून काढलं. मग म्हणाला, "वर कशाला अक्का? खालीच आणतो."

आम्ही ते भलेमोठे स्पीकर जिन्याने खाली नेले. निखिल पुढे, बसू मागे, आणि मी "सांभाळून, सांभाळून" म्हणत मध्ये. अण्णांच्या खुर्चीसमोर ते मांडले. अक्कांनी देवघराचं दार ओढून घेतलं, देवांना त्रास नको म्हणून. बसूने हंगेरियन लावलं.

सुरुवातीला अण्णा नुसते बघत होते. मग त्यांनी काठी उचलली आणि फरशीवर आपटली. बसूने घाईघाईने आवाज बंद केला. अण्णांनी परत आपटली, या खेपेला रागाने, आणि स्पीकरकडे काठी केली. बसूने पुन्हा लावलं. सात मात्रांचा तुकडा आला. काठी सात वेळा वाजली. निखिलने आमच्याकडे असं पाहिलं, की मी नजर खाली केली.

मी गात होतो, पण हळू. आणि मनाशी पक्कं ठरवलं होतं, की आज काहीही झालं तरी चुकायचं नाही. आजारी माणसाचं घर आहे. वाद्यं थांबली तसा निखिलचा हात आडवा आला. मी ओठ घट्ट मिटले आणि दोन्ही हातांनी गुडघे धरले. शांतता लांबत गेली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. गायक अजून श्वास घेत होता.

आणि हाक आली.

बेसूर, चिरकी, माझ्यासारखीच. मी घाबरून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. तोंड बंदच होतं. अण्णांचं उघडं होतं. मान वर, डोळे छताकडे, आणि ती हाक मी ओढतो तितकी लांब ओढून ते अलगद खाली आले. त्यानंतर कुठे मूळ गायक आला, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

निखिलचा हात अजून हवेतच होता. बसू भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अक्का पदराने डोळे पुसत खुर्चीजवळ आल्या, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून जरा रागावूनच म्हणाल्या,

"हे बरोबर जागेवर आले की. आज तुम्हीच कसे चुकलात?"